दुसऱ्या आणि चौथ्याच्या मधली

जुन्या वस्तीत रस्ते सात आणि सातही रस्त्यांचे नाव एकच, मुजफ्फरशाह. कोणे एके काळी इथे त्या नावाचे सात सुलतान लागोपाठ होऊन गेले. पहिल्याने कुठली तरी लढाई जिंकली आणि हौसेने मुजफ्फर, म्हणजे विजयी, असे नाव घेतले. पुढच्या सहांनी काय जिंकले ते कुणाला ठाऊक नाही. पण शिक्के तयार होते, वेशीवर नाव कोरलेले होते, आणि नवे नाव घ्यायचे म्हणजे सगळी खोदाखोद पुन्हा. थोरल्याचा सदरा धाकट्याला चालवतात तसे ते नाव खाली खाली येत गेले. पुढे राज्य गेले, सुलतान गेले, आणि रस्त्यांना नावे द्यायची वेळ आली तेव्हा नगरपालिकेने डोक्याला ताप नको म्हणून सातही सुलतान ओळीने सात रस्त्यांवर बसवून टाकले. मुजफ्फरशाह पहिला मार्ग, मुजफ्फरशाह दुसरा मार्ग, असे थेट सातव्यापर्यंत.

बोलताना एवढे लांबण कोण लावणार? "मुलगी कुठं दिली?" "पाचव्यात." "आणि दुकान?" "दुकान पहिल्यात होतं, आता सहाव्यात टाकलंय." सुलतानांची नावे माणसांच्या तोंडातून कधीच गळून गेली होती आणि नुसते आकडे उरले होते.

दुसऱ्याच्या आणि तिसऱ्याच्या मधे मधली राहायची. तिला नाव होते, नव्हते असे नाही, पण ते शाळा सुटल्यावर कुणी वापरले नाही. थोरला भाऊ दादा, धाकटा भाऊ छोट्या, आणि ही मधली. केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले, तरी मधलीच. छोट्या तिला ताई म्हणायचा. घरातला तिचा मान एवढाच, आणि तोही छोट्या चांगल्या मनःस्थितीत असेल तर.

दुसऱ्या रस्त्यावरची घरे आणि तिसऱ्या रस्त्यावरची घरे एकमेकांकडे पाठ करून उभी होती, आणि त्या दोन पाठींच्या मधे एक बोळ होता. बोळाला नाव नव्हते, कारण त्याला तोंडच नव्हते. एका टोकाला बेकरीची भिंत, दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी. बाकी घरांनी आपली मागची दारे कधीच बुजवली होती. बोळात दोन खोल्या, एक नळ, एक धुण्याचा दगड, आणि वर दोऱ्याच दोऱ्या. दोऱ्यांवर टॉवेल. बोळात येण्याजाण्याला दोनच दारे होती. एक दादाच्या दुकानाचे मागचे दार, दुसरे छोट्याच्या दुकानाचे मागचे दार. मधली भाजी आणायला निघाली तर कुणा ना कुणा गिऱ्हाइकाच्या साबण लावलेल्या तोंडासमोरूनच जायची.

दोघे भाऊ न्हावी. आजोबा न्हावी, वडील न्हावी. वडलांना सगळे आबा म्हणत. आजोबांनी दुसऱ्या रस्त्यावर 'शाही केशकर्तनालय' काढले आणि आबांनी ते नावारूपाला आणले. आबा गेले आणि भावांची वाटणी झाली. दादाला मूळ दुकान मिळाले. छोट्याला बोळापलीकडची, तिसऱ्यावर उघडणारी सामानाची खोली मिळाली, तिचे त्याने दुकान केले. खुर्ची दादाने घेतली, गोल फिरणारी, लोखंडी, चार माणसांनी उचलायची. आरसा छोट्याने घेतला, पुरुषभर उंचीचा. त्यामुळे दादाच्या गिऱ्हाइकाला राजासारखे बसायला मिळे पण हातभर आरशात नुसते नाकच दिसे, आणि छोट्याच्या गिऱ्हाइकाला पुरुषभर आरसा मिळे पण बसायला लाकडी बाक.

मधलीला बोळ मिळाला. म्हणजे कुणी दिला असे नाही. दोघांनी आपापले घेऊन झाल्यावर तो उरला आणि त्यात ती उरली.

खुर्ची-आरशावर भागले असते. पण पाटीवरून फाटले. दादाने पाटी रंगवली: 'शाही केशकर्तनालय. आजोबा, वडील आणि त्यांच्यानंतर मी.' छोट्याने आपल्या दारावर शब्द न् शब्द तीच पाटी लावली, फक्त वर 'अस्सल' घातले. दोन दुकाने, एकच नाव, आणि दोन्हीकडे आबांनंतर 'मी'. त्या दिवसापासून भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. निरोप मात्र चालू होते, आणि ते न्यायला मधली होतीच.

"त्याला सांग," दादा म्हणायचा, "तुझा रेडिओ म्हणजे गाढवाचं ओरडणं. बंद कर."

मधली चार पावले चालून पलीकडे जायची. "दादा विचारतोय, मघाशी कुठलं गाणं लागलं होतं?"

"त्याला सांग, त्याच्या कानाला गाण्यातलं काय कळतंय?"

मधली परत यायची. "छोट्या म्हणतोय, तुझे कान अजून तिखट आहेत हो."

तिने मधल्या मधे हे असे गाळून घेतले नसते तर त्या घरात वस्तरे भलत्याच कामाला लागले असते. दादाचे टॉवेल पांढरे, छोट्याचे निळे. पहाटे दोन्ही धुवायचे, वाळवायचे, इस्त्री करून दुकाने उघडायच्या आत दोन दारांतून दोन चळती आत ठेवायच्या. या कामात तिचे दिवस सरत होते, आणि आपण दोघांनाही लागतो एवढ्यावर ती समाधानी होती. निदान ती तसे म्हणायची.

आता खरी गोष्ट. आबांचा हात शेवटी शेवटी थरथरायला लागला होता. दादा तेव्हा एका जहाजावर न्हावी म्हणून निघून गेला होता आणि छोट्या शाळेत होता. दुकान बंद पडायची वेळ आली. तेव्हा कात्री मधलीने धरली. पण बाईमाणसाच्या हातून केस कापून घ्यायला कोण तयार होणार? आबांनी युक्ती काढली. दाराशी स्टूल टाकून ते स्वतः बसायचे आणि हातात दुसरी कात्री घेऊन हवेत वाजवायचे. चक्‌ चक्‌ चक्‌. आरशामागे त्यांनी लाकडाची एक पाचर ठोकली, म्हणजे आरसा असा तिरका झाला की खुर्चीतल्या माणसाला आरशात कात्री वाजवणारे आबाच दिसावेत. डोक्यामागे कोण उभे आहे ते दिसायचे नाही, आणि गिऱ्हाइकेही मुद्दाम वळून बघायची नाहीत. घरी जाऊन सांगायची, "आबांचा हात या वयातही काय चालतो!"

आबा जाईपर्यंत दुकान तिनेच चालवले. दादा परत आला, छोट्या मोठा झाला, आणि कुणीतरी तिच्या हातातली कात्री घेऊन टॉवेल दिले. कुणी घेतली तेही आता कुणाला आठवत नव्हते. लग्नाचे मात्र राहून गेले. ज्या वर्षांत व्हायचे त्या वर्षांत ती लोकांचे नवरदेव तयार करत होती.

तर हे असे सुरळीत चालले असताना दुसऱ्या रस्त्यावर पाण्याच्या नळासाठी खणायला घेतले आणि दादाच्या दुकानासमोर नाण्यांनी भरलेले मडके निघाले. मडक्यापाठोपाठ जुन्या नाण्यांचा अभ्यास करणारी एक तरुण बाई आली. जाड चष्मा, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू मडके तिच्याच आजीने पुरून ठेवले होते. तिला नाणी धुवून पुसायला मऊ कापड हवे होते. दादाने मोठ्या मनाने तिला मागच्या दारातून बोळात पाठवले, कारण टॉवेल धुणार होती मधली.

"एवढं काय निरखून बघतेस, पोरी?" मधलीने विचारले. "सगळ्यांवर मुजफ्फरशाहच असणार."

"तेच तर ना, मावशी. नाव तेच, पण साल बघा. दुसरा सुलतान तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता, त्याचा हातसुद्धा उठत नव्हता. आणि तिसरा समुद्रापलीकडे. मग ही नाणी कुणी पाडली?"

मधलीच्या हातातला टॉवेल थांबला. "कुणीतरी मधलाच?"

"मधलाच! कारभार त्यानं चालवला, आणि कुणाला पत्ताच नाही."

"असा कसा पत्ता नाही? अख्खा माणूस होता ना?"

"अहो, नाव तेच घेतलं ना त्यानं. लोकांना वाटलं, जुनाच सुलतान चाललाय. आणि नंतर जो आला त्यानं लिहून ठेवलं, वडलांनंतर मी."

"हं," मधली म्हणाली. "लिहितात तसं." मग तिने विचारले, "नाणी कशी आहेत त्याची?"

"पुरी वजनदार. आधीच्यापेक्षाही चांगली."

मधलीने ते नाणे पुन्हा एकदा पुसले. ते मघाशीच लख्ख झाले होते, तरी पुसले.

चष्मेवाल्या बाईंनी शोध जाहीर केला आणि नगरपालिकेने जन्मात पहिल्यांदा एक काम चटकन केले. दुसऱ्यानंतर आणखी एक सुलतान निघाला म्हणजे पुढचे सगळे एकेक घर सरकले. तिसरा रस्ता झाला चौथा, चौथा झाला पाचवा, आणि शेवटचा सातवा झाला आठवा. पाटीवाला शिडी घेऊन आला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या पाट्या बदलून मोकळा झाला. त्याच्या हातात एकच पाटी उरली, 'मुजफ्फरशाह तिसरा मार्ग'. सुलतान आठ आणि रस्ते सात, ही गोष्ट शिडीवरून उतरल्यावर त्याच्या ध्यानात आली. साहेबांनी त्याला सांगितले, पाटी छापून झालीय, आता रस्ता शोध. तेव्हापासून तो बिचारा काखेत पाटी मारून वस्तीभर हिंडत होता आणि भेटेल त्याला विचारत होता, "तुमच्याकडं एखादा रिकामा रस्ता आहे का हो?"

वस्तीची तर पार दाणादाण उडाली. एक, दोन, चार असे मोजायची कुणाला सवय होती? पाचव्यातली सून माहेराहून परत आली ती शेजारच्या रस्त्यावर परक्याच्या घरात शिरली, आणि तिथल्या सासूने तिला भांडी घासून झाल्यावरच सांगितले. पण सगळ्यांत हाल झाले छोट्याचे. पूर्वीच्या चौथ्यात एक दातांचा डॉक्टर होता आणि त्याची कीर्ती गावोगाव होती. आता चौथा म्हणजे छोट्याचा रस्ता. गाल धरून कण्हणारी माणसे पत्ता विचारत यायची, खुर्चीसारखे काही दिसले की बसायची, आणि छोट्याने कात्री उचलायच्या आत आ वासायची.

"अहो, हे न्हाव्याचं दुकान आहे!" छोट्या ओरडायचा.

"ओढा हो काहीही करून," माणूस म्हणायचा. "सहन होत नाही."

आणि छोट्याची खरी गिऱ्हाइके कुठे गेली? लग्नाच्या दिवशी 'तिसऱ्यातल्या शाही'त तयार व्हायचे ही नवरदेवांची रीत पडली होती. ती छोट्याची अनेक वर्षांची कमाई. आता नवरदेव यायचे, तिसरा शोधायचे, आणि तिसरा न सापडल्यामुळे दुसऱ्यात दादाच्या दारात येऊन उभे राहायचे. वर पाटी बघावी तर तीच, शाही केशकर्तनालय.

"तिसरा कुठं आला हो?" ते विचारायचे.

"तिसरा?" दादा खुर्चीवरून फडके फिरवत म्हणायचा. "तिसरा राहिला नाही. बसा."

छोट्याला हे कळले तेव्हा तो एका रुग्णाच्या तोंडात बघत होता. मागच्या दारात येऊन तो गरजला, "ताई, त्याला सांग, तू चोर आहेस!"

हे गाळून घ्यायला चाळणीसुद्धा मिळेना. मधली दादाकडे गेली. "छोट्या म्हणतोय, तुझं जे चाललंय ते बरं नाही."

"त्याला सांग, आबांनंतर मी. तिसरा मीच होतो आणि मीच आहे. गिऱ्हाइकं घरी परत आली!"

"दादा म्हणतोय..." मधली छोट्याला म्हणाली आणि पुढे तिला काही सुचेना. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याकडे निरोप अडकला.

पण छोट्याने ते कानाने ऐकलेच होते. "बस्स! आता हे दारच नको. मी बुजवतो."

"तो काय बुजवणार? मीच बुजवतो!" पलीकडून दादा ओरडला.

वस्तीत गवंडी एकच. दुपारी त्याने दादाचे दार विटांनी बांधून काढले. मधली दगडावर बसून ऐकत होती. पलीकडून थापीचा आवाज येत होता आणि दादा गवंड्याला सांगत होता की भिंत अशी बांध की त्याचा वारासुद्धा इकडे येता कामा नये. ठीक आहे, मधली मनाशी म्हणाली, छोट्याचे दार आहे. संध्याकाळी तोच गवंडी तीच थापी घेऊन छोट्याच्या दारात आला. एकावर एक थर चढत गेले. शेवटच्या दोन विटा राहिल्या तेव्हा त्या भोकातून त्याचा डोळा दिसला आणि तो डोळा एकदम मोठा झाला.

"ताई! अहो, दुपारी तिकडचं मीच बांधलं. आता हे बांधलं की तुम्ही निघणार कुठून?"

"त्यांनी विचारलं का असं?" मधलीने विचारले.

"कुणी?"

"कुणीही."

गवंड्याने आधी मागे बघितले, मग खाली बघितले. "नाही हो ताई. तसं काही निघालं नाही बोलण्यात."

मधलीला वाईट वाटले. फार वाईट वाटले. एक हाक मारली असती तर काम थांबले असते, दोन्हीकडून "अरे हो की!" आले असते आणि सगळे हसले असते. पण तिला ती हाक मारायची नव्हती. जन्मभर घरातले सगळे निरोप तिनेच पोचवले होते. मधे मी राहते, हा एक निरोप तरी आपल्याला सांगावा लागू नये, एवढीच तिची इच्छा होती.

"बांध," ती म्हणाली. "फक्त सिमेंट जरा कमी घाल. वाळू जास्त."

"ते तर मी नेहमीच करतो," गवंडी म्हणाला आणि त्याने शेवटच्या विटा बसवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या खुर्चीत एक नवरदेव बसला होता. मामाला बरोबर घेऊन आला होता. दादाने त्याचे अर्धे केस कापले, गालांना साबण लावला, एक गाल उतरवला आणि सवयीने मागे हात केला. हाताला टॉवेल लागला नाही. तो न वळताच मागच्या दाराकडे सरकला, "मधले, टॉवेल!" म्हणाला आणि त्याचे नाक भिंतीवर आपटले.

भिंत आपणच बांधली हे त्याला आठवायला थोडा वेळ लागला. मग तो मनाशी म्हणाला, तिकडून गेली असेल. छोट्याचे दार आहे ना.

तिकडे छोट्यानेही भिंतीला दोन हाका मारल्या होत्या आणि समोर आ वासून बसलेल्या माणसाला सांगितले होते, "आलो हं, दादाच्या दारातून ती बाहेर आली असणार, बघून येतो."

दादा बेकरीकडून वळसा घालून निघाला आणि छोट्या टाकीकडून. त्यामुळे वाटेत ते भेटले नाहीत. दादा छोट्याच्या दुकानात शिरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. समोर आबांचा आरसा, आणि त्याच्या शेजारी, जिथे मागचे दार असायला हवे तिथे, नवी ओली भिंत. छोट्या दादाच्या दुकानात शिरला. समोर आबांची खुर्ची, तीत अर्धा नवरदेव, आणि मागे नवी ओली भिंत.

दोघांनाही एकाच वेळी तेच कळले, फक्त उलट्या दुकानांत.

"मधले!" दादा किंचाळला. त्याला समोर आबांचे स्टूल दिसले. ते उचलून तो छोट्याची भिंत फोडायला लागला. पलीकडे छोट्याने आबांच्या खुर्चीचा लोखंडी पायठेवा उपसला आणि "ताई! ताई गं!" करत दादाची भिंत फोडायला घेतली. नवरदेव त्याच खुर्चीत बसून गोल गोल फिरत होता. गवंड्याने आपला शब्द पाळला होता. तिसऱ्या चौथ्या घावात दोन्ही भिंती वाळूच्या ढिगासारख्या बसल्या आणि दोघे भाऊ नखशिखांत पांढरे होऊन, एक इकडून, एक तिकडून, बोळात येऊन पडले.

मधली धुण्याच्या दगडावर बसली होती. शेजारी इस्त्री केलेल्या टॉवेलांच्या दोन चळती, एक पांढरी आणि एक निळी.

"तू त्याच्या दुकानातून कसा आलास?" तिने दादाला विचारले.

दादा रडत होता. धुळीत रडल्यामुळे त्याच्या तोंडावर चिखल झाला होता. "मला वाटलं, त्याचं दार आहे..."

"मला वाटलं, दादाचं आहे," छोट्या म्हणाला.

"वाटलं असेल," मधली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "दोघांनी भिंती बांधल्या. एकमेकांचा वारा लागू नये म्हणून. मधे कोण राहतं, ते टॉवेल लागला तेव्हा आठवलं."

मग दादाच्या बाजूच्या भोकातून नवरदेवाचे डोके आत आले, अर्धे कापलेले, एका गालावर साबण वाळून पापड झालेला. मागून मामा आले.

"अहो, मुहूर्ताची वेळ होत आली!" मामा म्हणाले. "करताय का कुणी?"

दादाने हात पुढे केला. हात लटपटत होता. छोट्याने हात पुढे केला. त्याचा दादापेक्षा जास्त लटपटत होता. मधली उठली, नळाखाली हात धुतले, आणि छोट्याच्या खिशातून वस्तरा आणि कात्री काढून घेतली.

"बाईमाणूस?" मामा म्हणाले.

"तुम्ही दोघं," मधली भावांना म्हणाली, "मामांच्या समोर उभे राहा. आणि कात्री वाजवा."

छोट्याने दादाच्या खिशातल्या दोन कात्र्या काढल्या, एक त्याच्या हातात दिली, एक स्वतः घेतली आणि हवेत वाजवायला लागला. चक्‌ चक्‌ चक्‌. "वाजव दादा. आबा असंच वाजवायचे. तू नव्हतास तेव्हा."

"वाजवायचे? आणि कापायचं कोण?"

छोट्याने मान वळवून ताईकडे बघितले. दादानेही बघितले. नवरदेव धुण्याच्या दगडावर डोळे मिटून बसला होता आणि तिचा हात त्याच्या डोक्यावरून असा चालला होता की जणू तो मधे कधी थांबलाच नव्हता. मग दादानेही कात्री वाजवायला सुरुवात केली. दोन धुळीने माखलेले म्हातारे, हवेतले केस कापत. मामांचे समाधान झाले.

त्या गडबडीत बघ्यांमधून पाटीवाला आत शिरला. काखेत पाटी होतीच. त्याने बोळ इकडून तिकडे पाहिला, दोन्ही भोके पाहिली. "ही वाट इकडून तिकडे जाते की!" तो म्हणाला. "एका अंगाला दुसरा, दुसऱ्या अंगाला चौथा. आणि हिला नाव काय?"

"नाव नाही," मधली म्हणाली.

पाटीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याने तिथल्या तिथे पाटी ठोकली, कुणाचा विचार बदलायच्या आत. बेकरीवाला भिंतीवरून वाकून म्हणाला, "दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ," आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की आत पाव करपले.

दारे पुन्हा बुजवली नाहीत. चौकटी बसवल्या, पण दारे लावलीच नाहीत. नवरदेव अजूनही तिसऱ्यातले शाही विचारत येतात. दादा म्हणतो, "आत जा, तिसरा आत आहे." पलीकडून छोट्याही तेच म्हणतो, दातवाल्यांना सोडून. दोघांच्या पाट्या नव्याने रंगवल्या गेल्या. 'वडील' आणि 'मी' यांच्या मधे 'ताई' घातले, आणि जागा पुरेना म्हणून 'मी' खालच्या ओळीत गेला.

बोळातल्या पुढच्या खोलीत आबांची खुर्ची आली, दादाच्या दारातून, चार माणसांनी उचलून. छोट्याच्या दारातून आरसा आला. इतक्या वर्षांनी दोन्ही एकमेकांसमोर लागली. छोट्या खुर्चीत बसून बघू लागला.

"ताई, हा आरसा मुळातच तिरका आहे गं. यात नुसतं दार दिसतं. मी किती वेळा खिळे बदलले."

मधली आरशामागे गेली. पाचर अजून तिथेच होती, आबांनी ठोकलेली. तिने ती दोन बोटांनी हलवून काढली आणि आरसा भिंतीला सरळ टेकला. मग ती खुर्चीच्या मागे येऊन उभी राहिली आणि छोट्याच्या गळ्याभोवती टॉवेल बांधला. समोर आरशात खुर्ची दिसत होती, छोट्याचे डोके दिसत होते, आणि त्याच्यामागे हातात कात्री घेतलेली ती होती.